वठलेला बेहडा आणि जंगलाची तपासणी

जंगलाला मार्क द्यायच्या समितीत मला घेतलं हे कळल्यावर सगळ्यात आधी हसले ते आमचे हे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर पेपर वाचतो आणि जमेल तेव्हा मला चिमटे काढतो. "तू तपासणार म्हणजे जंगल नापास झालंच म्हणायचं," असं म्हणून त्यांनी चहा मागितला. मी चहा दिला, फक्त त्यात साखर घालायला विसरले.

दर काही वर्षांनी सरकार अभयारण्यं तपासतं. आत प्राणी किती आहेत हे मोजायला कुणी येत नाही. ती जागा ज्यांच्या हाती दिली आहे ते ती कशी सांभाळतात, एवढंच बघायचं असतं. हद्द शाबूत आहे का, पाणवठ्यांना पाणी आहे का, वणवा लागला तर विझवायला माणसं आहेत का, आजूबाजूच्या पाड्यांशी बोलणं आहे की नुसती हाणामारी. प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे आणि गुणांवरून श्रेणी ठरवायची. समितीत बाहेरचे दोन तज्ज्ञ, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त वनाधिकारी आणि एक जागा स्थानिक जाणकाराची. भिवंडीतल्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि दर वर्षी मुलांना घेऊन त्या डोंगरात भटकले, म्हणून ती जागा माझ्याकडे आली. शिवाय निवृत्त शिक्षिका आहे, गुडघे दुखतात, दिसेल तिथे सही करेल, असंही कुणीतरी मनात धरलं असणार. तिथे ते चुकले.

आमच्या गल्लीत लूमचा कारखाना चालवणारे एक चाचा आहेत. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं. "मॅडम, जंगल का भी इम्तेहान होता है?" मी म्हटलं, होता है, और नकल भी होती है. ते हसत हसत कारखान्यात गेले. मी तेव्हा गमतीत बोलले होते.

अभयारण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तपासणीपुरतं सजायची ही सवय सगळीकडची आहे.

समिती यायच्या दोन दिवस आधी मी एकटीच जाऊन यायचं ठरवलं. तो मार्च संपत आलेला होता. अंजूरफाट्याला कंटेनरच्या रांगेतून रिक्षा बाहेर काढेपर्यंतच ऊन डोक्यावर आलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी फाटकापाशी उतरले आणि मला एकदम शाळेत आल्यासारखं वाटलं. रस्त्याकडेच्या दगडांना गेरू फासला होता. झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढा गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. साहेब येणार म्हटलं की आम्हीही शाळेच्या कुंड्यांना हेच करायचो. कुंडीला चालतं ते. ऐनाच्या झाडाला चुना लावून त्यात काय सुधारणा होते, हे मला विज्ञान शिकवूनही कधी कळलं नाही. नव्या कोऱ्या फलकावर वाघ होता. आमच्या या डोंगरात वाघ नाही, पण फलकावर चांगला गुटगुटीत होता.

पाणवठ्याला टँकरची नळी लावली होती आणि दोन माणसं काठावरचं शेवाळं ब्रशने घासून काढत होती. पायवाट झाडलेली होती. खरंच, झाडूने झाडलेली. जंगलातल्या वाटेवर एक पान नाही, एक बी नाही, कुणाची लेंडी नाही. कोण इथून गेलं, कुणी काय खाल्लं, हे ज्या केरावरून वाचायचं, तो केर गोळा करून जाळला होता. फाटकापासून माझ्याबरोबर एक नव्याने भरती झालेली वनरक्षक मुलगी होती. तिने सांगितलं की आठवडाभर सगळे हेच करतायत, गस्तीला जायला वेळच झाला नाही.

मग वाटेच्या कडेला मातीचे लहान उंचवटे दिसायला लागले. वर पाला पसरलेला. आधी वाटलं वारुळं असावीत. मी त्या मुलीला विचारलं तर ती जरा घुटमळली. तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत, म्हणाली. वठलेली झाडं होती, ती इथल्या वनाधिकारी साहेबांनी वाटेवरून काढायला सांगितली. मेलेलं झाड दिसलं की समिती विचारते, निगा का राखत नाही म्हणून. आणि ताजे बुंधे दिसले तर तेही विचारते, म्हणून वर माती लिंपली.

जंगलातलं मेलेलं झाड म्हणजे काय, हे मी वर्गात आमच्याच गावच्या भाषेत सांगायचे. लूमवरच्या कामगारांची खोली असते ना, दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे येऊन त्याच जागी झोपतात, तसं ते झाड कधी रिकामं नसतं. सुतारपक्षी भोक पाडतो, तो गेला की पोपट येतो, पोपट गेला की पिंगळा. खाली मुंग्या, सालीत विंचू, बुडाशी घोरपड. जिवंत झाडापेक्षा मेलेल्या झाडात वस्ती जास्त. आणि निगा राखली हे दाखवायला या लोकांनी नेमकी तीच वस्ती उठवली होती.

थोडं पुढे गेलो आणि मी जागीच थांबले. वळणावरचा बेहडा. तो वठला त्याला बरीच वर्षं झाली. वर एक ढोली आहे, आणि दर उन्हाळ्यात तिथे राखी धनेशाची जोडी असते. मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आत. नर बाहेरून उंबर आणि वडाची फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. त्या बेहड्याच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली होती.

मी तशीच मागे वळून साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेब विदर्भाकडचे, बोलायला मऊ, कामाला वाघ म्हणावेत असे. शिकाऱ्यांचे फासे पकडायला ते स्वतः जाऊन झाडीत पडून राहिलेले मला ठाऊक होते, म्हणून त्यांच्यावर ओरडणं जड जात होतं. मी सांगितलं, बेहड्यात धनेश बसलाय. ते लगेच उठून माझ्याबरोबर आले. वर बघितलं. आम्ही बराच वेळ उभे राहिलो. नर काही आला नाही. धनेशाच्या झाडाखाली बियांचा सडा पडलेला असतो, त्यावरून शेंबडं पोरही घरटं ओळखेल, पण तो सडा सकाळीच झाडून झाला होता.

"बाई, मला तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. मागच्या तपासणीत या अभयारण्याला शेरा मिळाला होता, वाटेवर धोकादायक वृक्ष आहेत म्हणून. त्यावरून भर बैठकीत सगळ्यांसमोर त्यांची शोभा झाली होती. या वेळी त्यांना तो शेरा पुसायचा होता. परवानगी आली होती आणि उद्या करवतवाले येणार होते. मी म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत थांबा. ते म्हणाले, समिती परवा येतेय, पिल्लं उडायची वाट ती बघणार नाही.

घरी येऊन मी जेवले नाही. राग आला की माझं असंच होतं, आणि ह्यांना ते माहीत असल्यामुळे त्यांनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवरची घडीची खुर्ची, छत्री, डबा आणि एक जुना पेपर घेऊन निघाले. ह्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या भरून दिल्या. बेहड्याखाली खुर्ची मांडली, बुंध्याला पाठ टेकली आणि बसले. करवतवाले आले. मी त्यांना नमस्कार केला आणि पेपर उघडला. ते बिचारे रोजावरचे लोक, त्यांनी समोरच्या सावलीत बसून तंबाखू मळायला घेतली. बाई उठल्या की कापू, असं त्यांचं आपापसात ठरलं. मी उठणार नव्हते, पण ते त्यांना सांगून कशाला उगाच त्यांचा दिवस खराब करा.

साहेब आले आणि समजूत घालून गेले. परत आले, या वेळी जरा आवाज चढवून. समितीच्या सभासदाने तपासणीच्या आधी असं करणं नियमात बसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, झाडाखाली बसून पेपर वाचू नये असा नियम दाखवा, मी उठते. त्यांनी मग भिवंडीत फोन लावला.

दुपारच्या आधी एक मोठी पांढरी गाडी फाटकापर्यंत आली आणि तिच्यातून माझा एक जुना विद्यार्थी उतरून चढ चढत आला. वळ गावचा मुलगा. त्यांच्या शेतांवर आता गोडाऊन आहेत, पूर्णा-राहनाळपर्यंत त्याच्या शब्दाला वजन आहे. घामाने भिजला होता. वाकून माझ्या पाया पडला आणि मग उभा राहून इकडेतिकडे बघायला लागला. आपल्या बाईंना उठवायला आपल्याला पाठवलंय, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटत होतं.

"बाई, उठा आता," तो म्हणाला. "मेलेला झार हाय. मेल्याचा काय घेऊन बसलाव?"

मला संताप आला. हा मुलगा सहावीत असताना त्याला धड वाचता यायचं नाही. शिक्षणाधिकारी यायचे त्याच्या आदल्या दिवशी आमचे मुख्याध्यापक वर्गावर्गात फिरून कच्ची मुलं निवडायचे आणि उद्या येऊ नका म्हणून सांगायचे. सगळ्याच शाळांत चालायचं ते. गेरू, रांगोळी, नारळ, आणि कच्ची मुलं घरी. त्या वर्षी मी माझ्या वर्गातलं एकही मूल घरी पाठवलं नाही. नेमकं याला उभं केलं गेलं, हा अडखळला, आणि माझ्या वर्गाला खराब शेरा मिळाला. मुख्याध्यापक माझ्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत. माझं काही अडलं नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, "तपासणीच्या दिवशी तुला मी घरी पाठवलं होतं का रे?"

त्याने बाहीने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "न्हाय." आणि बुटांसकट खाली मातीत बसला.

तो बसला म्हणून मी त्याला माझ्या डब्यातली पोळीभाजी दिली. आम्ही खात होतो तेव्हा वरून पंखांचा जड आवाज आला. नर आला होता. ढोलीपाशी बुंध्याला धरून तो टेकला आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीत द्यायला लागला. आतून चोचीचं टोक बाहेर येई आणि फळ घेऊन आत जाई. करवतवाले उठून उभे राहिले. माझ्या विद्यार्थ्याने हातातला घास तसाच धरला होता.

आत कोण आहे, असं त्याने हळूच विचारलं. मी सांगितलं, बायको, आणि बहुतेक पिल्लंही. तिला कोंडलं कुणी, हे त्याला कळेना. तिनेच स्वतःला कोंडून घेतलंय आणि हा यायचा थांबला तर आत सगळे उपाशी मरतील, हे ऐकल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि सगळं चित्रित केलं. तिथूनच साहेबांना पाठवलं. करवतवाल्यांना त्याने जायला सांगितलं, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा म्हणाला. संध्याकाळी त्याने माझी घडीची खुर्ची स्वतः उचलून गाडीत ठेवली आणि मला घरापर्यंत सोडलं. गाडीत एसी होता, गुडघ्यांना तो सोसला नाही, तरी मी काही बोलले नाही. तो आज माझ्या बाजूने उभा राहिला होता.

गोष्ट इथे संपली असती तर मीही सगळ्यांसारखं पेढे वाटून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी समिती आली. नारळ झाला, शाली झाल्या, आम्हा सगळ्यांना फेटे बांधले. मग सभागृहात पडद्यावर अभयारण्याची कामगिरी दाखवायला सुरुवात झाली. फासे पकडले, वणवे विझवले, पाणवठे भरले. आणि मग पडद्यावर आला माझा बेहडा. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमधला धनेश, भला मोठा, फळ भरवताना. खाली मथळा होता, 'मृत वृक्षांचे जतन: एक अभिनव उपक्रम'.

मी साहेबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते.

अध्यक्ष तर हरखूनच गेले. वय झालेले, रुबाबदार गृहस्थ, जन्म जंगलात गेलेला. त्यांनी बेहड्यापाशी जाऊन फोटो काढून घेतले, साहेबांची पाठ थोपटली, अहवालाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र घ्या म्हणाले. टँकरच्या पाण्यावर त्यांना काही खटकलं नाही. झाडांचा चुना त्यांना नीटनेटका वाटला. दुपारी विश्रामगृहात तक्ता भरायला बसलो तेव्हा अधिवासाच्या निगेला त्यांनी पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, मी सही करणार नाही.

त्यांना आश्चर्य वाटलं. सगळे म्हणतात झाड तुम्हीच दाखवलंत, ते वाचलं, आता मुखपृष्ठावर आल्यावर कुणाची छाती आहे त्याला हात लावायची, आणखी काय हवं? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पडद्यावरची ती थाप त्या बेहड्याला कुंपणापेक्षा जास्त जपणार होती. आणि मी तोंड उघडलं तर साहेबांची श्रेणी जाणार होती, पुन्हा भर बैठकीत त्यांची शोभा होणार होती, हेही मला दिसत होतं. पण मूग गिळून बसणं मला जमलं असतं तर आमच्या मुख्याध्यापकांशीही माझं जमलं असतं.

मी सगळ्यांना उठवलं. फेट्यासकट वाटेवर आणलं. पहिल्या उंचवट्यापाशी थांबले आणि छत्रीच्या टोकाने पाला बाजूला केला, माती उकरली. आत पांढरा, ताजा बुंधा. पुढच्यापाशी गेले, तोही उकरला. तिसऱ्यापाशी वाकले तेव्हा साहेब म्हणाले, पुरे बाई.

"यांच्या आत कोण होतं?" मी विचारलं.

"ती वठलेली होती. त्यांच्यात काही नव्हतं."

"बघितलं होतंत?"

साहेब खोटं बोलले नाहीत. "नाही," ते म्हणाले, "बघितलं नव्हतं."

अध्यक्ष मध्ये पडले. वाटेवर झाड कोसळून एखादा माणूस गेला असता तर, असं त्यांनी जरा तापूनच विचारलं. मी म्हटलं, मग वाट वळवायची. वाट हलते, झाड हलत नाही. मग मी साहेबांना विचारलं की धोकादायक वृक्षांचा तो मागचा शेरा लिहिला होता कुणी. साहेबांनी फक्त अध्यक्षांकडे बघितलं, आणि दोन्ही तज्ज्ञांनीही तिकडेच बघितलं. मागच्या वेळीही अध्यक्ष हेच होते.

आम्ही विश्रामगृहात परत आलो. टेबलावर तक्ता तसाच पडला होता. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ठीक आहे मॅडम, या मुद्द्याला शून्य द्या, वाटल्यास श्रेणी खाली जाऊ द्या. त्यांनी ते फार सहज म्हटलं. साहेब भिंतीपाशी उभे होते, फेट्याचा शेमला त्यांनी मुठीत धरला होता. शून्य त्यांच्या माथी जाणार होतं आणि लिहिणारे चहा पिऊन मुंबईला जाणार होते. वड्याचं तेल वांग्यावर काढायची रीत माझ्या चांगली ओळखीची आहे.

मी म्हटलं, शून्य मी देणार आहे, पण ते यांचं नाही. निगेच्या मुद्द्याला जे खरं होतं ते मी लिहिलं, गस्तीचे आणि फाशांचे गुण साहेबांना मनापासून दिले. मग तक्ता शेवटपर्यंत उलटला. हद्दीला रकाना होता, पाण्याला होता, वणव्याला होता, गावकऱ्यांना होता. तपासायला येणाऱ्यांना गुण द्यायचा रकाना कुठेच नव्हता. मी पिशवीतून पट्टी काढली, शिक्षिकेच्या पिशवीत ती असतेच, आणि सगळ्यात खाली नवा रकाना आखला. 'तपासणी समिती, मागील व चालू. तिला आवडावे म्हणून झाडे तोडली गेली.' समोर शून्य घातलं. चालू समितीत मीही होते, तेव्हा ते माझंही होतं.

त्या शून्याखाली मी सही केली आणि पेन अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही. मी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि बसून राहिले.